होडी किनाऱ्याला लागेपर्यंत

प्रिय चिऊ,

दाराची बेल बिघडलेली नाही. काल संध्याकाळपासून ती ठणठणीत चालू आहे. हे तुला फोनवर न सांगता कागदावर सांगतो आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. रागाने नव्हे, मायेनेच. पण "हो बाबा, कळलं बाबा, आधी गोळी घेतलीत का बाबा" असं करत तू माझं वाक्य मधेच उचलून कडेवर घेतेस आणि दुसऱ्याच खोलीत नेऊन ठेवतेस. कागदाला असं उचलता येत नाही. तेव्हा बस, चष्मा लाव, आणि तुझ्या त्या मीटिंगा जरा खोळंबू देत.

आता तू म्हणशील, चालू आहे तर माझ्या फोनवर का दिसत नाही? दिसत नाही, कारण ती आता तुझ्या फोनला ओळख देत नाही. माझ्या फोनला देते. हे कसं झालं ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आडवाटेने. तुझी आई म्हणायची, यांना मीठ कुठे ठेवलंय असं विचारलं तर हे समुद्रापासून सुरुवात करतात.

मी न्हाणीघरात घसरलो, मनगट दुखावलं, तू धावत आलीस, आठवडाभर राहिलीस आणि जाताना स्वतःच्या जागी ती बेल ठेवून गेलीस. मी तेव्हा हो म्हणालो होतो, ते नाकारत नाही. हात गळ्यात अडकवलेला माणूस कशालाही हो म्हणतो. बेल लावायला आलेल्या माणसाने दारावरची आपली पाटी काढली, "आजोबा, उंचीला हीच जागा बरोबर आहे" म्हणाला, आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. पण जन्मभर मी लोकांच्या दारांच्या पाट्या रंगवल्या, चिऊ. नव्या जोडप्यांच्या, नव्या डॉक्टरांच्या, निवृत्त झाल्यावर नावाच्या पुढे एकदम पदव्या आठवणाऱ्यांच्या. माणूस घरात आहे हे दाराने सांगायचं असतं, एवढी एकच गोष्ट मी त्या धंद्यात शिकलो. आपल्या पाटीवर तीन नावं होती. वर तुझ्या आईचं, खाली माझं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात तुझं. तुला तेव्हा वाचता येत नव्हतं म्हणून तुझ्या नावाशेजारी मी एक चिमणी काढली होती, आणि तू आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचीस की ही मी. ती पाटी लोखंडी कपाटामागे गेली आणि तिच्या जागी एक काळा डोळा आला.

तर तो डोळा मागच्या आठवड्यात मिटला. तुझा फोन आला, मागे ऑफिसातले लोक बोलताना ऐकू येत होते. बाबा, बेल दिसत नाहीये, जरा बघता का. मी गेलो. तू विचारलंस, दिवा कुठल्या रंगाचा आहे. मी म्हणालो, लाल, आणि मिचकावतोय. मग तू सांगत गेलीस आणि मी करत गेलो. बेल पट्टीवरून सरकवून काढली. स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी चार्जिंगला लावली. ती पोटभर जेवली, तरी लालच. मग वाय-फायचा डबा बंद करून चालू करायला लावलास, तो केला. तरी लाल. तुझा आवाज चढायला लागला होता, पण माझ्यावर नाही, हे मला कळत होतं. शेवटी तू म्हणालीस की बेलच्या पाठीवर रबराचं झाकण आहे, त्याखाली बारीक बटण आहे, ते थोडा वेळ दाबून सोडायचं, म्हणजे ती झोपून उठेल. थोडा वेळ म्हणजे किती, असं मी विचारणार, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तूच म्हणालीस, "बाबा, एक कडवं. एकच."

हे ऐकून मला किती बरं वाटलं, तुला कल्पना नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, माझ्या लेकीला माझं घड्याळ आठवत होतं. या घरात सगळं कवितेवर शिजलं. अर्धवट उकडलेलं अंडं म्हणजे दिव्याच्या कवितेची दोन कडवी. चहा पाखराच्या कवितेतलं पाखरू उडेपर्यंत. पाटीवर पहिला हात वाळून दुसरा द्यायचा तो डोंगर चढणाऱ्या म्हातारीच्या कवितेवर, ती वर पोचली की रंग तयार. तू दात घासायचीस माळावरच्या वाऱ्याच्या कवितेवर, आणि लबाड, तिसरं कडवं गिळून टाकायचीस. सगळ्या आमच्या शाळेतल्या. आमचे लांब कोटवाले गुरुजी त्या अशा शिकवायचे की तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. पुस्तकं केव्हाच रद्दीत गेली, कविता राहिल्या.

पण कविता निवडताना मी घोळ केला. बटणावर अंगठा ठेवला आणि तोंडात आपोआप होडीची आली. पहिल्या कडव्यात होडी किनारा सोडते. तिथे अंगठा उचलायचा होता. पण पहिल्या कडव्याच्या शेवटीच आभाळ भरून येतं, तुला आठवतंय ना? आत माणसं बसलेली, वादळ समोर दिसतंय, अशा वेळी होडीवरचा हात काढून मोकळं कसं व्हायचं? मी आजवर ती होडी मधे सोडलेली नाही. शाळेत नाही, तापात नाही, तुझ्या आईच्या उशाशी बसून म्हणत होतो तेव्हाही नाही. तू फोनवर "सोडलंत का? बाबा, सोडलंत का?" म्हणत होतीस, आणि मी दुसऱ्या कडव्यातून तिसऱ्यात जात होतो. शेवटच्या ओळीत होडी किनाऱ्याला लागते. ती लागली, मी अंगठा उचलला, आणि बेलच्या आतून एक बाई अत्यंत गोड आवाजात बोलली की पूर्वीचं सगळं पुसलं गेलं आहे, आता नव्याने जोडणी करा. तू म्हणालीस, हे काय केलंत. तू दमलेली होतीस. मी म्हणालो, चुकून झालं. खरंच चुकून झालं होतं, तेव्हा.

त्यांच्या मदतकेंद्राने तुला सांगितलं की तुमच्या फोनवरूनही ही बेल काढून टाका आणि पुन्हा जोडा, पण जोडताना कुणीतरी दारात हवं. तू ती काढून टाकलीस. मला बजावलंस की आता हात लावू नका, रविवारी मी येतेच आहे, बेल लावणाऱ्या त्या माणसालाही बोलावते. येताना मोठी गाडी आणते म्हणालीस. तोपर्यंत रोजचे कपडे आणि स्वेटर एका जागी काढून ठेवा म्हणालीस, उन्हात घालते. मी बरं म्हणालो आणि स्वेटर काढून पलंगावर ठेवले. मी तसा ऐकणारा आहे.

मग ते दिवस आले. बेल स्वयंपाकघरात फळीवर पडलेली, दारावर नुसती पट्टी आणि दोन स्क्रू. आणि दारावर टकटक झाली. बोटांच्या पेरांनी लाकडावर केलेली टकटक मी किती दिवसांनी ऐकत होतो. उघडलं तर मास्तर. शाळेतला नव्हे गं, आपला टेलरमास्तर, माझ्याच बाकावर बसून शिकलेला, ज्याने तुझ्या सगळ्या फ्रॉकांना एक खिसा जादा लावला तो. दारात उभा राहून मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आहेस की गेलास?" मी म्हणालो, तुला विचारल्याशिवाय जाईन होय? तो हसला नाही. आत आला, त्याच्या खुर्चीत बसला, आणि खुर्चीचे हात चाचपत राहिला, जणू ती कुणीतरी उसनी नेऊन परत आणली होती.

मला त्याचा राग होता, हे तुला माहीत नाही. बेल लागल्यापासून त्याचं येणं तुटलं होतं. रोज संध्याकाळी येणारा माणूस एकाएकी यायचा थांबला. मला वाटलं, आमच्या शेवटच्या भांडणावरून रुसला. भांडण जुनंच, होडीच्या दुसऱ्या कडव्यात वल्हं मोडतं की शीड फाटतं. तो म्हणतो शीड, कारण त्याला जगात जिकडेतिकडे फाटलेलं कापडच दिसतं. मी त्याला म्हणालो होतो की तू कवितेलाही कात्री लावून घट्ट करतोस. ते लागलं असेल असं धरून मी चालत होतो. तरी रोज संध्याकाळी दोन कप चहा टाकायचो. एक प्यायचो, एक मोरीत ओतायचो, आणि त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचो. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, रुसवा काढायला कुणी नसलं की तो घट्ट होत जातो.

त्या दिवशी चहा झाल्यावर त्याने सांगितलं. तो येत होता, चिऊ. बेल लागल्यावरही रोज येत होता. बटण दाबायचा, आणि दारातून तू बोलायचीस. "मास्तरकाका, बाबा झोपलेत. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. नंतर या." पहिल्या दिवशी तो दचकून मागे झाला आणि दाराला नमस्कार करून निघून गेला. मग सवय झाली. एकदा तो दाराला म्हणाला, "पोरी, तो आत कपबशा मांडतोय, मला आवाज येतोय." तेव्हा तू म्हणालीस, हो काका, पण त्यांना बोलायचा त्रास होतो हल्ली, आणि तुम्ही दोघं बसलात की आवाज चढतात. मी आत रेडिओ लावून कपबशाच मांडत होतो. त्याच्यासाठी. आमच्या दोघांच्या मधे एवढंसं लाकूड होतं आणि त्या लाकडात तू होतीस. मग तो यायचा थांबला. मला म्हणाला, दाराशी हुज्जत घालायची लाज वाटायला लागली, जिन्यातले लोक बघायचे.

मी उठून बेल हातात घेतली आणि बराच वेळ बघत बसलो. मला इतके दिवस वाटत होतं की लोक विसरले. हात दुखत होता तोवर विचारपूस होती, मग संपली, जगाचं असंच चालतं, अशी मी माझी समजूत घातली होती. तू आत वाजणारा तो टिंगटाँग बंद करून ठेवला होतास, दुपारची माझी झोप मोडू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण परिणाम बघ. घंटी माझ्या दाराला, दाबणारा माझा मित्र, आणि ती वाजते तुझ्या पर्समध्ये. माझ्याकडे कोण आलं हे मी सोडून सगळ्यांना माहीत.

मास्तरने आणखी एक गोष्ट सांगितली, जी दाराने त्याला सांगितली होती. ती मी शेवटी ठेवतो, कारण आधी ती लिहिली तर बाकीचं पत्र रागाचं होईल आणि मला ते नुसतं रागाचं नको आहे.

त्याआधी त्या व्हिडिओचं. बेल बिघडायच्या आधी तू मला एक तुकडा पाठवला होतास, सोबत लिहिलं होतंस, बाबा, रागावू नका, पण बघा. मी बघितला. मान खाली घातलेला एक म्हातारा. टक्कल माझं आहे यावर विश्वास बसायला वेळ लागला, आपला माथा आपण कधी बघतो? हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. दारात उभा आहे, ओठ हलताहेत, किल्ली कुलपात घालत नाही. उभाच आहे. मग कितीतरी वेळाने घालतो. तू हे डॉक्टरांना दाखवलंस. डॉक्टरांनी मान हलवली, आणि तू मला लहान मुलाला सांगावं तशा आवाजात सांगितलंस की विसरणं हा काही गुन्हा नाही बाबा. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो.

मी कामावरून घरी यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी होडी पाण्यात घालायचो. चालत चालत म्हणायचो. पायांचा आणि कवितेचा हिशेब रोज जुळायचा नाही. कधी घर आधी यायचं आणि होडी अजून वादळात. तसं आत कसं शिरायचं? मग मी दारात उभा राहून पुरी करायचो. तुझी आई आत कडीवर हात ठेवून उभी असायची. मी आलोय हे तिला रंगाच्या वासावरून कळायचं. पण होडी किनाऱ्याला लागल्याशिवाय तिने एकदाही कडी काढली नाही. शेवटची ओळ माझ्या तोंडून गेली रे गेली की खट. तिचा राग असला तर आतून म्हणायची, ऐकू नाही आलं, पुन्हा. आणि मी मुकाट्याने पुन्हा किनारा सोडायचो. शेजारच्या बायका हसायच्या. तू तिच्या पायाशी उभी राहून दाराच्या फटीतून माझी चप्पल बघायचीस आणि ओरडायचीस, वल्हं मोडलं, वल्हं मोडलं. मास्तरला हे सांग कधीतरी, वल्हं मोडतं याला तू साक्षीदार आहेस.

आता कडीवर कुणाचा हात नाही, किल्ली माझ्याच हातात आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून काय होडी पाण्यात सोडून आत जाऊ? मी उभा राहतो. पुरी करतो. मग उघडतो. तुझ्या डॉक्टरांना सांग की हा आजार मला लग्नापासून आहे आणि तो बरा करून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. किल्ली कुठल्या खिशात आहे, गॅस बंद आहे का, न्हाणीघरात आता रबराची चटई आहे आणि ती दर दोन दिवसांनी धुवावी लागते, हे सगळं मला पाठ आहे. तुझ्या त्या डोळ्याला ओठ हलताना दिसले. ते काय म्हणत होते हे विचारायला एक फोन पुरला असता. तू एकेकाळी हे फटीतून ओळखायचीस, चिऊ. चपलेवरून ओळखायचीस.

तर काल दुपारी मी आणि मास्तर बेल लावायला बसलो. खोक्यातला कागद काढला. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. पाटीच्या बारीक रेघांसाठी वापरायचो ते भिंग आणलं. त्यात लिहिलं होतं की लाल दिवा म्हणजे बेलला वाय-फाय पोचत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बेल मिटायच्या आदल्या दिवशी मी पाटी बघायला म्हणून लोखंडी कपाट सरकवलं होतं आणि ते पुन्हा ढकलताना सरळ वाय-फायच्या डब्यापुढे उभं केलं होतं. एवढंच झालं होतं. ना बेल बिघडली होती, ना चार्जिंग, ना मी. आम्ही दोघांनी मिळून कपाट हलवलं, मधे दोनदा बसलो, मास्तर म्हणाला कपाटात तुझे आईवडीलही आहेत की काय. मागून पाटी निघाली. धूळ पुसली. चिमणीची चोच तेवढी उडाली आहे.

मग ते अ‍ॅप. तू जाताना लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरचा वाय-फायचा पासवर्ड मास्तर वाचत होता आणि मी टाइप करत होतो. तो मापं सांगितल्यासारखा एकेक अक्षर पुकारायचा आणि पुढे "मोठं" किंवा "लहान" म्हणायचा, आणि दर वेळी माझं चुकलं की म्हणायचा, उसव, पुन्हा घाल. शेवटी फोनवर ठिपक्यांचा चौकोन आला, तो बेलच्या डोळ्यासमोर धरायचा होता. माझा फोन एका जागी थांबेना. मास्तरने माझं कोपर धरलं आणि म्हणाला, माप घेताना गिऱ्हाईक हलतं तसा हलू नकोस. बेल कुईं करून बोलली. तीच गोड बाई, जोडणी झाली म्हणाली. आम्ही एकमेकांकडे बघितलं, शाळेत गणित सुटल्यावर बघायचो तसं, म्हणजे फारच क्वचित.

पहिलं काम मी हे केलं की आतला आवाज चालू केला. मास्तर बाहेर गेला, त्याने बटण दाबलं, आणि चिऊ, आपल्या घरात टिंगटाँग झालं. घरात, माझ्या कानाजवळ. त्याने पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मी आतून फोनमध्ये बोललो, मालक झोपलेत, नंतर या. त्यावर तो दाराला जे म्हणाला ते मी इथे लिहीत नाही, पण जिन्यातली शेजारीण हसत खाली गेली. मग त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसून त्याने होडी म्हटली, मुद्दाम शीड फाडून, आणि मी त्याला थांबवलं नाही. एका दिवसात दोन विजय कशाला?

ते अ‍ॅप दोनच नाती ओळखतं, मालक आणि पाहुणा. मालक मी झालो. तुझ्या फोनवर पाहुण्याचं आमंत्रण पाठवलं आहे, हे पत्र पोचेल तेव्हा ते तिथे दिसेल. घे ते. तुला दार दिसेल, मी आलो गेलो ते दिसेल, तुझा जीव भांड्यात पडेल. पण दारातून बोलता येणार नाही आणि घंटीचा आवाज बंद करता येणार नाही. तेवढ्या दोन गोष्टींवर मी बोट ठेवून नाही म्हटलं आहे. हे रागाने केलेलं नाही. बरं, थोडं रागाने केलं आहे. पाहुणा हा शब्द मला आवडला नाही, पण त्या यंत्राकडे दुसरा नव्हता. माझ्याकडे आहे. बेलच्या बाजूला, जरा वर, मी पाटी परत लावली आहे, तीनही नावांसकट. चिमणीला नवी चोच काढली. मनगट अजून नीट वळत नाही, त्यामुळे ती थोडी भांडखोर दिसते. तुला शोभेल.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मुळात कागद घेतला. तुझ्या फ्रॉकांना खिसे लावणारा तो माणूस शेवटचा आला होता माझी विजार दुरुस्त करून, आणि दाराने त्याला सांगितलं, "काका, ती राहू द्या. पुढच्या महिन्यापासून बाबा इथे नसतील. त्यांच्यासाठी एका ठिकाणी खोली बघितली आहे. छान आहे, बागेकडे खिडकी आहे." म्हणून त्या दिवशी दारावर बेल दिसली नाही तेव्हा तो तसा घाबरून विचारत होता, आहेस की गेलास. मी माझ्या घरातून जाणार हे मला माझ्या मित्राकडून कळलं, आणि त्याला माझ्या दाराकडून. मोठी गाडी कशाला आणि स्वेटर कशाला, ते तेव्हा कळलं. चिऊ, मी येणार नाही. खोली कितीही छान असो, खिडकी कुठेही उघडो. स्वेटर मी परत कपाटात ठेवले आहेत. मास्तरकडे घराची दुसरी किल्ली दिली आहे, रोज सकाळी उठल्यावर तुला फोन करीन, पडलो तर पडलो असं खरं सांगीन, आणि ज्या दिवशी मला स्वतःहून जावंसं वाटेल त्या दिवशी तुला मीच सांगीन, दार सांगणार नाही. मोठी गाडी नको, तो बेलवाला माणूसही नको. तू एकटी ये. जिना चढून ये, पाटीवर तुझं नाव बघ आणि बटण दाब. घंटी आत वाजेल, मी ऐकीन, येऊन कडीवर हात ठेवून उभा राहीन. पण उघडणार नाही. बाहेर उभी राहून तू पहिल्या कडव्यापासून सुरू कर, मोठ्याने, शेजारच्यांना हसू दे. दात घासताना वाऱ्याचं गिळायचीस तसं होडीचं तिसरं कडवं गिळलंस, तर मी आतून म्हणेन, ऐकू नाही आलं, पुन्हा. होडी किनाऱ्याला लागली, की मी कडी काढीन.

तुझाच, आणि या दाराचाही,
बाबा